नगर सेवा अनुदान (अमेरिका)

अमेरिकेतील नगर प्रशासने आपल्या हद्दीतील ना-नफा संस्थांना लोकोपयोगी सेवा चालवण्यासाठी देत असलेले अर्थसाहाय्य. बेघरांचा रात्रनिवारा, वृद्धांना घरपोच जेवण, शाळा सुटल्यानंतरचे मुलांचे वर्ग, घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह, भाडेकरूंना कायदेशीर सल्ला अशी बरीच कामे शहरे स्वतःच्या कर्मचाऱ्यांकरवी न करता स्थानिक संस्थांकडे सोपवतात आणि खर्चाचा काही भार उचलतात.

या पैशाचा एक मोठा स्रोत म्हणजे केंद्र सरकारची ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ योजना. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २२ ऑगस्ट १९७४ रोजी सही केलेल्या गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्याने ती सुरू झाली आणि त्याआधीच्या अनेक सुट्या योजना तिच्यात विलीन झाल्या. महानगर क्षेत्रातील मुख्य शहरे आणि ५०,००० किंवा अधिक वस्तीची इतर शहरे यांना दरवर्षी ठरलेल्या सूत्राने थेट वाटा मिळतो. लोकसंख्या, गरिबी, घरांतील दाटी हे मूळ सूत्राचे घटक. १९७७ मध्ये गरिबी, जुनी घरे आणि लोकसंख्येची खुंटलेली वाढ यांवर आधारलेले दुसरे सूत्र जोडले गेले. ज्यातून जास्त रक्कम निघेल ते शहराला लागू होते.

हा वाटा मुख्यतः घरदुरुस्ती, रस्ते, सामुदायिक इमारती यांसाठी आहे. सेवांवर सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, त्यामुळे सारी चुरस या छोट्या हिश्शासाठी असते. नगर प्रशासन गेल्या बारा महिन्यांत स्वतःच्या पैशाने जी सेवा देत होते, तिचा खर्च नुसता या निधीवर ढकलण्यासही मनाई आहे: सेवा नवी असावी, नाहीतर तिच्यात मोजता येण्याजोगी वाढ व्हावी. धार्मिक संस्थांना अनुदान मिळू शकते, पण पूजा-प्रार्थना किंवा धर्मशिक्षणासाठी ते वापरता येत नाही.

निवडीची पद्धत शहरागणिक बदलते. सामान्यतः शहर अर्ज मागवते आणि इच्छुक संस्थांसाठी माहितीसत्र घेते. संस्थेची करमुक्त नोंदणी, लेखापरीक्षण, संचालक मंडळ, अंदाजपत्रक यांची छाननी कर्मचारी करतात. मग नागरिकांची सल्लागार समिती गरज, अनुभव आणि प्रतिमाणशी खर्च पाहून गुण देते व शिफारस करते. अंतिम निर्णय नगर परिषदेचा. एखादा सदस्य अर्जदार संस्थेच्या मंडळावर असेल, तर त्याने त्या निर्णयातून बाजूला राहायचे असते. केंद्राचा निधी कसा खर्च करायचा याचा वार्षिक आराखडा किमान ३० दिवस हरकती-सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो, आणि वर्षभरात किमान दोन जनसुनावण्या घ्याव्या लागतात. गुणांकन झालेले असले, तरी या सुनावण्यांना कमी लेखू नये. निवाऱ्यात राहणारी माणसे परिषदेसमोर स्वतः बोलण्याची ती हक्काची जागा आहे.

मंजुरीनंतर खरी कसोटी सुरू होते, कारण पैसे बहुधा प्रतिपूर्तीच्या रूपाने मिळतात. संस्थेने आधी स्वतः पगार आणि भाडे भरायचे, मग महिन्याकाठी किंवा तिमाहीला मागणीपत्र पाठवायचे. सोबत कर्मचाऱ्यांची वेळपत्रके, पगारपत्रक, बिले आणि ती चुकती केल्याचा पुरावा. एखादा कर्मचारी दोन योजनांमध्ये विभागून काम करत असेल, तर वेळपत्रकात तशी विभागणी दिसावी लागते. ती नसेल तर मागणीपत्र परत येते. गंगाजळी असलेल्या मोठ्या संस्थेला ही वाट पाहणे परवडते. वस्तीत रुजलेल्या लहान संस्थेचे मात्र मंजूर अनुदान हाती नसताना पगार थकतात. केंद्राचे नियम आगाऊ रक्कम द्यायला आडवे येत नाहीत. त्यामुळे या कोंडीचा दोष नियमांपेक्षा शहरांच्या सवयीकडे अधिक जातो.

लाभार्थी कोण, हेही कागदावर सिद्ध करावे लागते. अन्नवाटप केंद्रावरील नोंदणी अर्जात कुटुंबातील माणसे व उत्पन्न लिहून घेतात आणि ते त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांची कमाई ज्याच्या खाली असते त्या रकमेच्या) ८० टक्क्यांच्या आत आहे का, हे कुटुंबाच्या आकारानुसार दिलेल्या तक्त्यावरून पाहतात. वृद्ध, बेघर, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ, स्थलांतरित शेतमजूर अशा काही गटांसाठीच चालवलेल्या सेवेत ही तपासणी माणशी करावी लागत नाही. घरभाडे वा वीजबिलासाठी तातडीची मदत दिल्यास रक्कम कुटुंबाच्या हातात न देता थेट घरमालकाला किंवा वीज कंपनीला जाते. शहराचे अधिकारी संस्थेत येऊन दप्तर तपासतात. वर्ष संपल्यावर ९० दिवसांत शहराला केंद्राकडे कामगिरी अहवाल पाठवावा लागतो.

काही शहरे स्वतःच्या महसुलातूनही अशी अनुदाने देतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९९१ मध्ये मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा मुलांच्या सेवांसाठी राखून ठेवला. न्यूयॉर्कमध्ये नगर परिषदेचे सदस्य विवेकाधीन निधीतून, म्हणजे सदस्यांच्या मर्जीवर सोडलेल्या रकमेतून, संस्थांची नावे सुचवतात. तिथे लहान संस्थेला दार लवकर उघडते, पण सदस्याची ओळख हाच निकष ठरण्याचा धोका राहतो, म्हणून अशा संस्थांची स्वतंत्र छाननी होते. स्वतःची करमुक्त नोंदणी नसलेले गट अनेकदा एखाद्या मोठ्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली अर्ज करतात: हिशेब आणि कायदेशीर जबाबदारी मोठ्या संस्थेची, वस्तीतले काम त्या गटाचे. या सोयीबद्दल मोठी संस्था अनुदानातील काही टक्के व्यवस्थापन खर्च म्हणून ठेवून घेते.