४५ वा दिवस, ४६ वा दिवस

२७ डिसेंबर १८३९ रोजी लंडनमध्ये चार्ल्स आणि एमा डार्विन यांना पहिला मुलगा झाला. नाव विल्यम, घरात लाडाने डॉडी. बाळाच्या जन्मापासूनच बापाने एक वही घातली आणि त्याची हरेक नवी हालचाल वयासकट टिपून ठेवायला सुरुवात केली. मार्च १८४१ मध्ये ॲनी जन्मली, तिच्याही नोंदी होऊ लागल्या. काही नोंदी एमाच्या अक्षरात आहेत. या वहीच्या आधारे डार्विनने १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. लेख मुख्यतः थोरल्याबद्दल आहे, पण मधूनमधून ‘दुसरं एक बाळ’ डोकावतं, आणि मला त्या लेखातल्या सगळ्यात मोलाच्या जागा त्याच वाटतात.

पहिली जागा हसण्याची. जन्मल्यावर काही दिवसांतच बाळ झोपेत ओठ हलवून हसतं, तेव्हा आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवते. डार्विन त्या हसण्याला धरत नव्हता. समोरच्याकडे बघून, डोळ्यांत चमक आणून आलेलं हसू त्याला हवं होतं. ते थोरल्याला ४५ व्या दिवशी आलं, बहुतेक वेळा आईकडे बघताना. दुसऱ्या बाळाला आलं ४६ व्या दिवशी. आजचे बालरोगतज्ज्ञ हे हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांत अपेक्षित धरतात, म्हणजे दोन्ही बाळं अगदी वेळेवर हसली. जे बाळ दिवस भरण्याआधी जन्मतं, त्याचं हसणं जन्मतारखेपासून मोजलं तर उशिरा आलेलं दिसतं, आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलं तर पुष्कळसं वेळेवर येतं. हे हसू बाळाला कोणी शिकवत नाही. मेंदू आणि नजर पुरेशी तयार झाली की ते येतं.

आता आरसा. साडेचार महिन्यांचा डॉडी आरशातल्या बापाकडे आणि स्वतःकडे बघून हसायचा, पण बापाचा आवाज पाठीमागून आला की चकित व्हायचा. पुढच्या दोन महिन्यांच्या आत त्याला उमगलं की आरशात दिसतं ते नुसतं प्रतिबिंब. बापाने आवाज न करता वेडंवाकडं तोंड केलं की तो गर्रकन मागे वळून बघायचा. डार्विनची एक मुलगी मात्र बरोबर एक वर्षाची असतानाही आरशात मागून येणारं माणूस पाहून गोंधळून जायची. हसण्यात एका दिवसाचं अंतर आणि आरशात जवळपास सहा महिन्यांचं, तेही एकाच घरातल्या भावंडांत! ‘मुलगी तितकी चलाख नव्हती,’ अशा अर्थाचं डार्विन लिहून गेला. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. १९७२ मध्ये ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी बाळांच्या नाकाला नकळत रंग लावून त्यांना आरशापुढे बसवलं. आरशात पाहून स्वतःच्याच नाकाकडे हात नेणं बहुतेक मुलांना दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान जमतं. आरशातला माणूस मागे उभा आहे हे ओळखणं एक, आणि ‘ते मूल म्हणजे मी’ हे ओळखणं वेगळं. डॉडीला पहिलं लवकर जमलं, एवढंच त्या नोंदीवरून म्हणता येतं.

सगळ्यांना जवळपास सारख्याच वेळी येणाऱ्या गोष्टी आणि ज्याच्या त्याच्या वेळेने येणाऱ्या गोष्टी, हा फरक आपल्या घरांत फार कमी पाळला जातो. ‘दादा या वयात घरभर चालत होता,’ हे वाक्य धाकट्याच्या वाट्याला येतंच. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांच्या हालचाली महिनोन्‌महिने तपासून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत केव्हाही येऊ शकतं आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. थोरला नवव्या महिन्यात चालला आणि धाकटी सतराव्या, तरी दोघंही ठणठणीत असू शकतात. चारेक टक्के मुलं तर हातांगुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

हा पल्ला इतका रुंद का, याचं एक कारण अमेरिकेतल्या एस्थर थेलेन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं आणि दोनेक महिन्यांत ते थांबतं. मेंदू पक्व होतो म्हणून ते थांबतं, अशी समजूत होती. थेलेन यांनी अशा बाळांचे पाय पाण्यात बुडवून धरले आणि पावलं पुन्हा पडू लागली! दरम्यान बाळाने बाळसं धरलेलं असतं आणि जड झालेले पाय उचलायला स्नायूंची ताकद पुरत नसते. मेंदूच्या जोडीला वजन, ताकद, जमीन, सराव आणि मोकळेपणाने हलायला मिळणारा वेळ असं सगळं जुळून यावं लागतं, आणि ते प्रत्येक बाळाचं वेगळं जुळतं.

मन वाढतं तेही या वहीत दिसतं. साडेपंधरा महिन्यांचा डॉडी, बापाने तान्ह्या बहिणीचं वजन करायला घेतलं की मत्सराने अस्वस्थ व्हायचा. सव्वादोन वर्षांचा झाल्यावर त्याच बहिणीला त्याने आपल्या खाऊचा शेवटचा तुकडा देऊन टाकला आणि ‘डॉडी किती चांगला!’ म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली. पुढे अडीच वर्षांचा झाल्यावर, नको सांगितलेली साखर खाऊन तो विचित्र चमकत्या डोळ्यांनी खोलीबाहेर आला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, या वेळी अंगावरचा एप्रन नीट गुंडाळलेला. आत काही नाही, ‘जा तू!’ असं तो बापाला बजावत राहिला, आणि एप्रनवर सापडले लोणच्याच्या रसाचे डाग. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते हे मुलांना चौथ्या वर्षाच्या सुमारास स्पष्ट कळतं, असं १९८३ पासूनचे प्रयोग सांगतात. त्याची चाहूल त्या गुंडाळलेल्या एप्रनमध्ये आहे. त्या मुलाला कधीच शिक्षा झालेली नव्हती, म्हणून ते विचित्र वागणं भीतीचं नव्हतं, हेही डार्विनने आवर्जून नोंदवलं.

इतका बारकाईने बघणारा माणूसही एका ठिकाणी घसरला. आपले मुलगे रागावले की वस्तू फेकून मारतात, मुली फेकत नाहीत, तेव्हा फेकण्याची वृत्ती मुलग्यांना वारशाने मिळत असावी, असं त्याने लिहिलं. एकाच घरातल्या मुलांवरून असं काही ठरवता येत नाही, कारण मुलगा आणि मुलगी एका छपराखाली वाढली तरी त्यांना वागणूक सारखी मिळतेच असं नाही. आपल्या दोन मुलांकडे बघून ‘मुलींचं असंच असतं’ म्हणताना आपणही तेच करतो.

नोंदी मात्र जरूर ठेवाव्यात, तारखेसकट. दीड वर्ष झालं आणि मूल एकट्याने चालत नाही, किंवा दोन महिने उलटून गेले तरी माणसाकडे बघून हसत नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आलेली गोष्ट जाणं. बोलत असलेले शब्द बंद झाले, नजरेला नजर देणं थांबलं, बसणारं मूल बसेनासं झालं, तर वाट न पाहता लगेच तपासणी हवी. ‘आधी येत होतं, अमुक तारखेपर्यंत येत होतं,’ हे डॉक्टरांना घरातलं माणूसच सांगू शकतं.