चित्रजवनिका (लोकरीची)

मागावर रंगीत लोकरीने चित्रासकट विणलेला जाड पट. रूढ नाव टॅपेस्ट्री. भरतकामात आधी कापड असते, मग त्यावर चित्र येते. इथे दोन्ही एकदमच वाढतात. फ्रान्समधला बायोचा पट टॅपेस्ट्री म्हणून जगभर मिरवतो खरा, पण तो भरतकामाचा आहे.

या विणाईची खूण म्हणजे ताणा (मागावरचे उभे धागे) दिसत नाही. सुती ताणा घट्ट ओढून त्यावर लोकरीचा बाणा (आडवा धागा) पंजाने, म्हणजे दातेरी फणीने, इतका ठोकतात, की उभे धागे पुरते झाकले जातात. साध्या कापडात धोटा (बाणा वाहून नेणारे साधन) काठापासून काठापर्यंत जातो. इथे प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या आकारापुरता जाऊन तिथूनच परततो. दोन रंगांची हद्द ताण्याबरोबर सरळ वर गेली की मध्ये फट पडते. ती मागाहून शिवतात, नाहीतर विणतानाच शेजारचे बाणे एकमेकांत अडकवतात. बाणा कमान देऊन सैल टाकायचा आणि मग ठोकायचा. ताणून टाकला तर काठ आत ओढले जातात आणि पट वर वर अरुंद होत जातो. नवख्याचे काम बहुधा यावरूनच ओळखू येते.

बाणे अडकवणे नागपूरकडच्या विणकराला नवे नाही. नागपूर-भंडारा भागातल्या करवतकाठी साडीत टसर रेशमाचे अंग आणि दोन्ही सुती काठ यांचे बाणे तीन वेगळ्या धोट्यांनी येतात व काठाशी गुंततात. पैठणीच्या पदराचेही तंत्र याच जातीचे. तीन धोट्यांवर हात बसलेल्या कोष्ट्याला गुंतवण समजावून सांगावी लागणार नाही. त्याला अडेल ते धागे मोजून न येणारे, मोकळे चित्र.

लोकरीचे मात्र तसे नाही. दख्खनी मेंढीची भरड लोकर घोंगडीला उत्तम, बारीक चित्राला नाही. त्यात नागपूरचा मे महिना: कुलर लावला की हवेत ओल येते, बंद केला की सुकते, आणि सुती ताण्याचा ताण त्याबरोबर बदलतो. माग कुलरच्या झोतात ठेवू नये तो यासाठी.

पॅरिसचा गोब्लँ कारखाना १६६२ मध्ये राजाश्रयाखाली आला. तिथल्या उभ्या मागावर विणकर पटाच्या मागे बसतो आणि पुढची बाजू आरशात पाहतो. १८२४ मध्ये रंगखात्यावर नेमलेला रसायनज्ञ शेव्रल याच्याकडे तक्रार आली, की काळा रंग फिका पडतो. रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या छटांमुळे काळा उतरलेला दिसत होता. यातून निघालेला रंगविरोधाचा नियम त्याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. म्हणूनच लोकरीची लडी दुकानात एकटी पाहून घेण्यात अर्थ नाही. शेजारच्या रंगाची लडी तिला लावून पाहावी.

पट खिळ्यांनी चार कोपऱ्यांत ठोकू नये. वरच्या काठाला मागून सुती पट्टी शिवून त्यात दांडी घालावी, म्हणजे भार सगळीकडे सारखा पडतो. थेट ऊन टाळावे आणि कसर लागू नये म्हणून मागची बाजू अधूनमधून झटकावी.