शोधकल (निसर्गप्रेरित अल्गोरिदम)

उत्तर कुठे असेल याचा काहीही सुगावा नसताना शोध-अल्गोरिदम ठरावीक जागांकडेच ओढला जातो, त्याला शोधकल म्हणतात. मुंग्या, पक्ष्यांचे थवे, लांडगे यांच्या वागण्यावर बेतलेल्या इष्टतमीकरण (सर्वोत्तम उत्तर शोधण्याच्या) पद्धतींत तो वारंवार आढळतो.

सर्वांत परिचित कल मध्याकडचा. गोव्याच्या नकाशाभोवती अक्षांश-रेखांशांची चौकट आखली तर तिचा मध्य फोंडा तालुक्यात, बोरी-शिरोड्याच्या बाजूला पडतो. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालयही तिथून फार दूर नाही. मासळीच्या शीतगृहासाठी जागा शोधायची आहे आणि योग्य जागा या मध्याजवळच निघाली, तर असा अल्गोरिदम कमालीचा चलाख भासेल. तीच जागा शापोऱ्याला किंवा कुटबणच्या जेटीजवळ असली की त्याची दमछाक होते. (चौकटीचा बराच भाग समुद्रात जातो, ती अडचण निराळी.)

हे दुखणे प्रचलित चाचण्यांत झाकले जाते. स्फिअर, रास्ट्रिगिन, ॲकली, ग्रिवांक या चाचणीच्या नेहमीच्या फलांचा (गणिती फंक्शनांचा) नीचतम बिंदू, म्हणजे शोधायचे उत्तर, शून्यावर, आणि शोधक्षेत्रही बहुधा शून्याभोवती सममित. २०१४ च्या ग्रे वुल्फ ऑप्टिमायझरमध्ये म्होरक्या लांडग्याचे (आतापर्यंतच्या सर्वोत्तम उत्तराचे) स्थान ० ते २ मधल्या यादृच्छिक संख्येने गुणून त्याचे इतर लांडग्यांपासूनचे अंतर काढतात. म्होरक्या शून्यावर असेल तर गुणाकारही शून्यच, गोंधळाला वावच नाही. तो शून्यापासून जितका लांब, तितकी पावलात गडबड जास्त. शून्याजवळच्या डोळे दिपवणाऱ्या अचूकतेत या गणिताचा वाटा मोठा, लांडग्यांच्या शिकारकौशल्याचा फारसा नाही. नीचतम बिंदू मुद्दाम सरकवला की हे उघडे पडते. २००५ च्या सीईसी (उत्क्रांती-संगणन परिषद) स्पर्धेच्या फलसंचात अशी सरकवलेली आणि फिरवलेली फले होती. श्वेफेलच्या फलात तर नीचतम बिंदू मुळातच कोपऱ्याकडे, प्रत्येक अक्षावर ४२०.९७ च्या आसपास असतो.

१९९७ मध्ये वोल्पर्ट आणि मॅकरेडी या संशोधकांनी दाखवले की सर्व शक्य समस्यांची सरासरी घेतली तर कोणताही अल्गोरिदम दुसऱ्यापेक्षा सरस ठरत नाही. म्हणजे समस्येची माहिती वापरून आलेला कल उपयोगीच. खटकतो तो सूत्रातून नकळत शिरलेला.

असा कल मोजण्यासाठी संशोधक ॲना कोनोनोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रत्येक बिंदूला निव्वळ यादृच्छिक मूल्य देणारे फल वापरले. अनेक फेऱ्यांतली अंतिम उत्तरे क्षेत्रभर सारखी विखुरली नाहीत, तर कल अल्गोरिदमचाच. काही वेळा ती सीमेवर गर्दी करतात, कारण क्षेत्राबाहेर गेलेला बिंदू सरळ काठावर आणून ठेवलेला असतो. पर्याय म्हणून तो आत परावर्तित करतात किंवा नव्याने निवडतात. या निवडीने निकाल बदलू शकतो, तरी अनेक शोधनिबंधांत तिचा उल्लेखही नसतो.