सूक्ष्मदर्शकाचा दुर्लक्षित तळमजला

सूक्ष्मदर्शक समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती पट मोठं दिसतं?" उत्तर काढायला पाढे आले की पुरे. डोळा लावतो त्या आयपीसवर १०× लिहिलेलं असतं, खालच्या फिरत्या चकतीवर ४, १०, ४० आणि १०० पटींचे ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळची भिंगं, असतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की झालं. म्हणजे कमीत कमी ४० पट, जास्तीत जास्त १००० पट.

पण नुसतं मोठं दिसणं काय कामाचं? वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून पाहा. फोटो मोठा होतो, पण चेहऱ्याऐवजी ठिपकेच दिसू लागतात. खरा प्रश्न असा, की अगदी जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसतात का? त्याचं उत्तर ऑब्जेक्टिव्हवरच्या दुसऱ्या, बारीक आकड्यात असतं. ४०च्या शेजारी ०.६५, १००च्या शेजारी १.२५. याला न्यूमेरिकल अपर्चर म्हणतात. नमुन्यातून पसरत निघालेला प्रकाश भिंग किती रुंद कोनातून गोळा करू शकतं, याचं ते माप. आकडा जितका मोठा तितका तपशील बारीक. जर्मनीतल्या येना गावी सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कार्ल झाइसबरोबर काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली हे गणित मांडलं. त्यानुसार साध्या प्रकाशात, उत्तम भिंग घेतलं तरी सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके एकच दिसतात. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची असते, त्यावरून अंदाज करा. आयपीस बदलून पट वाढवता येतात, तपशील वाढत नाही. "२००० पट" अशा जाहिरातीतले निम्मे पट म्हणूनच पोकळ असतात.

ऑब्जेक्टिव्हवर आणखी एक जोडी दिसते: १६०/०.१७. पहिला आकडा नळीच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा कव्हरस्लिपच्या, म्हणजे नमुन्यावर झाकायच्या काचेच्या, जाडीचा. काचेचा तो पातळ चौकोनी तुकडाही भिंगाच्या हिशेबात धरलेला असतो! हे मला उशिरा कळलं. कॉलेजात कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड मी उलटी ठेवली होती, कव्हरस्लिप खाली. १०ला चित्र स्वच्छ. ४० लावला, तर काही केल्या फोकस होईना. ४०च्या ऑब्जेक्टिव्हचं टोक नमुन्यापासून जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरवर यावं लागतं आणि मध्ये आली होती मिलिमीटरभर जाड स्लाइड. मी फोकसचा मोठा नॉब फिरवतच राहिलो. कट्ट असा आवाज आला. हाय पॉवरला फक्त छोटा नॉब वापरायचा, हा नियम तेव्हापासून पाठ आहे.

आता स्टेजच्या, म्हणजे स्लाइड ठेवायच्या मंचाच्या, खाली वाकून बघा. हाच तो दुर्लक्षित तळमजला. तिथे कंडेन्सर असतो. दिव्याचा किंवा आरशाचा प्रकाश गोळा करून तो नमुन्यावर शंकूसारखा टाकतो. त्याला चिकटून डायाफ्राम, बारीक पात्यांचा, दांडी सरकवली की मिटणारा. बहुतेक लोक याला हातच लावत नाहीत; लावलाच तर प्रकाश कमी-जास्त करायला. उजेडासाठी दिव्याचं बटण आहे. डायाफ्रामचं काम प्रकाशाच्या शंकूची रुंदी ठरवायचं.

गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी रंग न देता पाहा. डायाफ्राम पूर्ण उघडा असेल तर समोर नुसता पांढरा उजेड, पेशी जणू नाहीतच. दांडी हळूहळू सरकवा. आधी कडा उमटतात, मग मधलं केंद्रक. पण आणखी मिटलात तर कडांभोवती काळ्या-पांढऱ्या रेघा येतात आणि बारीक तपशील पुसला जातो. उठाव हवा तर तपशील थोडा सोडावा लागतो, हा सौदा इथे चालतो. पॅथॉलॉजी लॅबमधले लोक तो रोज करतात: लघवीच्या तपासणीत पेशी बिनरंगाच्या, म्हणून कंडेन्सर खाली आणि उजेड कमी, मलेरियाची स्लाइड रंगवलेली, म्हणून कंडेन्सर वर आणि डायाफ्राम उघडा.

नेमकं किती मिटायचं? फोकस झाल्यावर आयपीस काढा आणि रिकाम्या नळीत डोकवा. तळाशी उजळ गोल दिसेल. तो दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश उजळ राहील इतपत डायाफ्राम मिटवा आणि आयपीस परत बसवा. ऑब्जेक्टिव्ह बदलला की हे पुन्हा करायचं.

१००च्या ऑब्जेक्टिव्हला मात्र एवढ्याने भागत नाही. काचेतून हवेत शिरताना प्रकाश बाहेरच्या बाजूला वळतो, तिरपे किरण भिंगापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून कव्हरस्लिप आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब. हे तेल प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, त्यामुळे किरणांना काच संपल्याचं कळतच नाही. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचे जंतू दाखवले ते तेलातलं भिंग आणि आबे यांचा कंडेन्सर वापरून.

एकदा तेल घातलं की ४०कडे परत वळायचं नाही. ते भिंग कोरडं वापरायचं असतं आणि चकती फिरताना त्याचं टोक थेट थेंबात बुडतं. चित्र धूसर होतं आणि माणूस नॉब फिरवत बसतो.