पाणमांजराची अधिवासनिवड : कृष्णा-वारणा खोरे

पाणमांजर (ऊद) नदीकाठाचा कोणता तुकडा वापरते, कोणता टाळते आणि का, याचा विचार ‘अधिवासनिवड’ या संज्ञेखाली केला जातो. प्राणी एखाद्या ठिकाणी दिसला म्हणजे ती जागा त्याने निवडली, असे लगेच धरता येत नाही. त्याच्या आवाक्यात कोणत्या प्रकारचा काठ किती होता, हे आधी मोजावे लागते. उपलब्धतेच्या मानाने वापर जास्त असेल, तरच ती पसंती. धरणे, बंधारे, उपसा योजना, वाळू उपसा आणि मासेमारी यांनी बदललेल्या नदीत हा हिशोब अवघड होतो, कारण तिथे प्राणी बहुधा उरलेल्यातले बरे तेच घेत असतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून वाहणाऱ्या कृष्णा, कोयना व वारणा अशाच नद्या आहेत.

भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. युरेशियाई पाणमांजर हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत तुरळक आढळते. छोट्या नखांचे पाणमांजर आकाराने सर्वांत लहान, मुख्यतः खेकड्यांवर जगणारे आणि डोंगरी ओढ्यांत रमणारे. मोठ्या, सपाटीवरच्या नद्यांचे खरे रहिवासी म्हणजे मऊ केसांचे पाणमांजर. त्याचे वजन साधारण 7 ते 11 किलो असते, शेपटीसह लांबी मीटरभर किंवा थोडी अधिक, आणि शेपूट टोकाकडे चपटी. ते कुटुंबाने राहते आणि कुटुंबानेच शिकार करते. चार-सहा जण अर्धगोल करून माशांना उथळ पाण्याकडे रेटत नेतात. दिवसाला एका प्राण्याला साधारण किलोभर मासळी लागते. पुढील विवेचन याच जातीचे आहे.

काठाकडून या प्राण्याला मुख्यतः तीन गोष्टी हव्या असतात : जवळ मासळी, पाण्यातून बाहेर पडताच आडोसा आणि पिल्लांसाठी न बुडणारे बीळ. चौथी गोष्ट सहसा विसरली जाते, ती म्हणजे कोरडी वाळू. पाणमांजराच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो. ऊब टिकते ती दाट केसांत अडकलेल्या हवेमुळे, म्हणून केस कोरडे आणि साफ ठेवणे ही त्याची रोजची गरज आहे. पाण्यातून आले की ते वाळूत लोळते, अंग घासते. वाळू उपशाने आधी हीच जागा जाते. मागे उरतो तो उभा कापलेला चिखलाचा काठ. त्यावर चढता येत नाही आणि लोळताही येत नाही.

चंबळ नदीवर झालेल्या अभ्यासांत पाणमांजरांचा ओढा खडकाळ काठाकडे दिसला. खडकांच्या फटींत बीळ मिळते आणि विश्रांतीची जागाही. कृष्णाकाठी असा खडक थोडा. वाळवा तालुक्यात बहे येथे रामलिंग बेटाला वळसा घालून नदी दोन अंगांनी वाहते. अशी बेटे आणि खडकाळ पट्टे वगळले, तर कऱ्हाडच्या खाली पात्राच्या दोन्ही बाजूंना उंच मातीच्या कडा आहेत. तिथे बिळाची सोय होते ती झाडांमुळे. करंज, वाळुंज, उंबर, जांभूळ यांच्या मुळांखालची माती पुरात धुपते आणि पोकळी तयार होते. पुराकडे निव्वळ आपत्ती म्हणून पाहण्याची आपली सवय इथे थोडी आवरावी लागते.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. 2005 आणि 2021 चे पूरही मोठे होते. पण हे पूर जुलै-ऑगस्टमधले. भारतात पाणमांजराची पिल्ले बहुतांशी पावसाळा ओसरल्यावर, हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. गर्भकाळ दोन महिन्यांचा असतो आणि वेताला दोन ते पाच पिल्ले होतात. म्हणजे पुराचा तडाखा पिल्लांना क्वचित बसतो, बिळांना मात्र बसतो. काही ढासळतात, काही नव्याने तयार होतात. पूर ओसरल्यावर माणूस काय करतो, हा प्रश्न त्याहून मोठा. ढासळलेला काठ दगडी भिंतीने बांधून काढला, की ती पोकळी कायमची बुजते.

हिवाळ्यालाच ऊसतोड सुरू होते, आणि या खोऱ्यात हा योगायोग महत्त्वाचा आहे. कृष्णा आणि वारणेच्या मळईच्या जमिनीत ऊस अगदी काठापर्यंत लावला जातो. उभा फड उत्तम आडोसा देतो. कऱ्हाड परिसरात बिबट्याची मादी फडात पिल्ले घालते, हे तिथल्या प्रत्येक तोडकऱ्याला ठाऊक आहे. पाणमांजरासाठीही काठालगतचा ऊस म्हणजे पळून शिरायला दाट जागा. पण हा आडोसा भाड्याचा. गळीत हंगाम सुरू झाला की तोड पडते, पाचट पेटते आणि दोन-तीन दिवसांत काठ उघडा होतो, नेमका पिल्लांना पाण्याची सवय लावण्याच्या दिवसांत. झाडे-झुडपांचा पाच-दहा मीटरचा पट्टा काठावर राखलेला असेल, तर याची झळ कमी बसते. बांधापर्यंत नांगर घालण्याच्या हव्यासात आधी तोच पट्टा जातो.

पाण्याचे गणितही माणसाच्या हाती गेले आहे. कोयना धरणाची क्षमता 105 टीएमसी आहे आणि त्यातले बरेचसे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला, वाशिष्ठीच्या खोऱ्यात जाते. पूर्वेकडे नदीत येणारे पाणी पावसाळ्याबाहेर मुख्यतः धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहातून सुटते. दोन्ही जनित्रे चालली तर सुमारे 2100 क्युसेक, बंद पडली की पात्र उतरते. सकाळी वापरलेली वाळूची पट्टी दुपारी पाण्याखाली जाऊ शकते. असा चढउतार वर्षानुवर्षे सोसणाऱ्या नदीत बीळ नेहमीच्या पातळीपासून बरेच वर हवे, आणि तेवढ्या उंचीवर तर शेताचा बांध लागतो.

त्याखाली कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची साखळी. पावसाळा संपला की पाणी अडवण्यासाठी त्यांच्या खांबांमध्ये बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घातले जातात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला संथ, खोल, लांबलचक पाणी साठते, खालच्या अंगाला खडक उघडे पडून डबकी राहतात. पाणमांजराच्या दृष्टीने हे सरसकट वाईट नाही. उन्हाळ्यात डबक्यांत अडकलेली मासळी आयती मिळते, आणि वरच्या संथ पाण्यात चिलापीसारखे बाहेरून आलेले मासे भरपूर वाढतात. त्यामुळे बंधाऱ्यालगत पाणमांजराच्या खुणा सापडल्या, तर नवल वाटायला नको. पण एखादे आवर्तन, म्हणजे धरणातून ठरल्या वेळी सुटणारे पाणी, लांबले आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पंप चालू राहिले, की डबकीही आटतात. पूर्वेकडच्या येरळा, अग्रणी, माण या नद्या तर उन्हाळ्यात कोरड्याच असतात. मासळीवर जगणाऱ्या प्राण्याला तिथे वर्षभर टिकणे शक्य नाही.

प्रदूषणाबद्दल एक गैरसमज आहे. पाणी घाण म्हणजे पाणमांजर नाही, असा सरळ हिशोब नसतो. प्राणी पाण्याचा रंग पाहत नाही, मासळी पाहतो. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते. उन्हाळ्यात प्रवाह कमी असताना सांडपाणी किंवा साखर कारखान्यांची मळी नदीत आली, की विरघळलेला प्राणवायू घटतो आणि मासे तडफडून वर येतात. मासे मेले की पाणमांजर दुसरीकडे सरकते, मासे परतले की तेही परतू शकते. सिंगापूरमध्ये नदी साफ झाल्यावर हीच जात भर शहरात, काँक्रीटच्या काठांवर येऊन राहिली. तिथे मासळी आहे आणि कोणी मारत नाही. माणसाच्या नुसत्या वावराने प्राणी पळत नाही, हे त्यावरून दिसते. वाईच्या घाटावर दिवसा धुणी चालतात, रात्री घाट मोकळा असतो. वेळ बदलून जागा वाटून घेणे पाणमांजराला जमते. सुरुंगाच्या दारूने किंवा ब्लीचिंग पावडर टाकून केलेल्या मासेमारीतून मात्र वेळ बदलून सुटका नाही.

मासेमारांशी तंटा जुना आहे. जाळ्यात अडकलेला मासा पाणमांजर अर्धा खाऊन टाकते आणि जाळे फाडते. एका फाटलेल्या जाळ्याचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो, त्याला या प्राण्याचे कौतुक सांगणे सोपे नाही. भिलवडी, औदुंबर परिसरात कृष्णेत मगरीही आहेत. तिथे नदीतले प्रत्येक हालते डोके आधी मगर म्हणून पाहिले जाते, त्यामुळे पाणमांजराच्या नोंदी लोकांकडून मिळवताना फार उलटतपासणी करावी लागते.

म्हणूनच पाहणीचा भर प्रत्यक्ष दर्शनापेक्षा खुणांवर असतो. कुटुंब ठरलेल्या जागी, बहुधा पाण्यालगतच्या उंच खडकावर किंवा ओहोळ नदीला मिळतो तिथे, विष्ठा टाकते. ताजी विष्ठा काळपट-हिरवी, चिकट आणि उग्र माशाच्या वासाची असते. उन्हात ती राखाडी होते, आणि बोटाने दाबली की नुसते खवले व काटे हाती येतात. त्यावरून खाल्लेला मासा कोणता, हेही सांगता येते. ओल्या वाळूत पाच बोटांचा, पडद्याची पुसट कड असलेला पाय उमटतो आणि कधी त्यामागे शेपटीची रेघ. युरोपात काठाचा 600 मीटरचा तुकडा तपासण्याची पद्धत रूढ आहे. पण विष्ठेची जागा म्हणजे हद्दीची पाटी. बीळ दुसरीकडे असू शकते, शिकार तिसरीकडे. पहिल्याच पावसात खुणा धुऊन जातात, म्हणून इथे पाहणीला हिवाळा आणि उन्हाळाच बरा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर ही जात पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. वन्यजीव व्यापारावरील साइट्स करारात ती 2019 मध्ये पहिल्या परिशिष्टात गेली. संरक्षण प्राण्याला मिळाले, तरी काठाचे प्रश्न वेगळ्या खात्यांकडे आहेत : वाळू महसूलकडे, बंधारे आणि विसर्ग जलसंपदाकडे, सांडपाणी नगरपालिकांकडे. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. धरणांच्या वर जंगल राखलेले आहे, पण खालची नदी त्या हद्दीबाहेर पडते. वारणेची आणखी एक अडचण आहे. तिच्यावरच्या चांदोली धरणाच्या खाली बऱ्याच अंतरापर्यंत तिचा डावा काठ सांगली जिल्ह्यात आणि उजवा कोल्हापूर जिल्ह्यात मोडतो. एकाच कुटुंबाची विष्ठेची जागा एका जिल्ह्यात आणि बीळ दुसऱ्यात असू शकते, त्यामुळे एकाच काठाची पाहणी करून काढलेले निष्कर्ष अर्धवट राहतात.