बर्ड फ्लू कोंबडीकडून, स्वाइन फ्लू शेजारच्याकडून

जळगावात किंवा धुळ्यात स्वाइन फ्लूचा पेशंट सापडल्याची बातमी आली, की चिकनच्या दुकानापुढची गर्दी ओसरते. खोकणारा माणूस मात्र तोंडावर रुमालही न धरता काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून तालुक्याला जातो. कोंबडीचा त्या बातमीशी काडीचाही संबंध नसतो, आणि ज्या काळीपिवळीचा असतो ती भरून चाललेली असते.

बर्ड फ्लू म्हणजे काय हे खान्देशाला शिकवायला नको. देशातला पहिला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा जहाल विषाणू, फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्र्यांतच निघाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं पुन्हा कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. बाधित शेडभोवतीच्या एक किलोमीटरमधले पक्षी मारायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची, हे तिथं पोराटोरांनाही पाठ आहे. फक्त एक गोष्ट पोल्ट्रीवाल्यांनाही सांगावी लागते. लासोटा दिलीय म्हणून निर्धास्त राहू नका. ती लस रानीखेतवर, म्हणजे मानमोडीवर आहे. मानमोडीचा विषाणू इन्फ्लुएन्झाचा नव्हेच. पण दोन्हींत कोंबड्या पटापट मरतात, त्यामुळे नुसत्या नजरेनं निदान होत नाही. नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो तेव्हाच नक्की कळतं.

आता नावांचं. इन्फ्लुएन्झाचे टाइप चार. सी टाइपचा त्रास साध्या सर्दीएवढा, डी मुख्यतः गुराढोरांत. बी जवळजवळ माणसातच फिरतो आणि मुलांना बरंच पिडतो. जगभर साथ पसरवतो तो ए. विषाणूच्या अंगावर एच आणि एन अशी दोन प्रथिनं असतात. एचचे १८ आणि एनचे ११ प्रकार माहीत आहेत, आणि त्यांच्या जोडीवरून ए टाइपच्या विषाणूला नाव पडतं. बर्ड फ्लू आणि स्वाइन फ्लू दोन्ही ए टाइपचेच. सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा एच३एन८ नं खोकला तर तोही ए टाइपच. म्हणजे नुसतं 'ए' म्हटल्यानं काहीच ठरत नाही.

खरी गफलत पुढेच होते. 'बर्ड' हे नाव आजही खरं आहे. विषाणू मुख्यतः पक्ष्यांत राहतो आणि बहुतेक वेळा पक्ष्यांकडूनच येतो. 'स्वाइन' हे नाव मात्र फक्त मूळ सांगतं. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत जो एच१एन१ सापडला, त्याचे बरेच जनुक डुकरांतल्या विषाणूंचे होते, म्हणून ते नाव पडलं. पण सापडला तेव्हाच तो माणसाकडून माणसाकडे जात होता. ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक साथ संपल्याचं जाहीर झालं आणि तेव्हापासून तो माणसांतला नेहमीचा हंगामी फ्लू होऊन बसला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमाराला तो डोकं वर काढतो. पेशंट सापडला की गावातली डुकरं पकडायला गाडी बोलावतात. स्वच्छतेसाठी खुशाल बोलवा, स्वाइन फ्लू त्यानं हलणार नाही.

हा फरक पडतो तो एच प्रथिनामुळे. पेशीवरच्या ज्या साखरेला ते चिकटतं, तिची एक ठेवण पक्ष्यांच्या आतड्यांत आणि श्वासनलिकेत असते, तर दुसरी माणसाच्या नाकाघशात. हंगामी एच१एन१ नाकाघशातच ठाण मांडतो, म्हणून एका शिंकेत चौघांना लागतो. एच५एन१ ला पक्ष्यांची ठेवण लागते, आणि ती माणसात मुख्यतः खोल फुप्फुसात आहे. म्हणून तो माणसाला सहजासहजी होत नाही आणि एकाकडून दुसऱ्याकडे तर फारच क्वचित जातो. पण झाला तर थेट न्यूमोनिया. २००३ पासून जगात नोंद झालेल्या एच५एन१ च्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले. भारतात त्याचा पहिला मानवी मृत्यू २०२१ चा, हरियाणातल्या मुलाचा. सगळेच बर्ड फ्लू इतके जहाल नसतात. मेळघाटात २०१९ मध्ये दीड वर्षाच्या बाळाला एच९एन२ झाला होता, ते बरं झालं.

चिकनचं म्हणाल तर आतपर्यंत ७० अंशांवर शिजलं की बर्ड फ्लूचा विषाणू मरतो. काळ्या मसाल्यात रटरटलेल्या रश्शाची भीती नको. धोका आहे तो मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलण्यात, पिसं काढण्यात आणि विष्ठेच्या धुळीत.

रिपोर्ट वाचतानाचा घोटाळा तर डोकं फिरवणारा. 'इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह' वाचून लोक म्हणतात, ए म्हणजे सौम्य. तो ए विषाणूचा टाइप. सरकारी सूचनांमधली कॅटेगरी ए, बी, सी वेगळी, ती आजाराची तीव्रता सांगते. ए मध्ये साधा ताप-खोकला, तपासणी लागत नाही. बी मध्ये जास्त ताप आणि घसा फार दुखणं, किंवा पेशंट गरोदर, म्हातारा, मधुमेही वगैरे. सी मध्ये धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं, तेव्हा ताबडतोब भरती. टाइप ए चा पेशंट कॅटेगरी सी मध्ये असू शकतो.

साध्या किटवर ए की बी एवढंच कळतं, एच-एन कळायला आरटी-पीसीआर लागते. म्हणून आजारी कोंबड्यांत वावरून दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ते आधी सांगा. औषध दोन्हींना ऑसेल्टामिविरच, मोठ्यांना साधारणपणे ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर गुण जास्त.

फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी घ्यावी. तिच्यात एच१एन१, एच३एन२ आणि बी असतात, एच५ नसतो. तरीही पोल्ट्रीतल्या मजुरांना ती द्यावीच. एकाच पेशीत हंगामी आणि पक्ष्यांचा असे दोन विषाणू शिरले तर त्यांचे आठ-आठ जनुकखंड आपसांत बदलू शकतात, आणि कोंबडीचा विषाणू माणसात पसरायला शिकू शकतो. लस हंगामी बाजू अडवते. ताप-खोकला असलेल्या मजुराला बरा होईपर्यंत शेडमध्ये पाठवू नये, मग कोंबड्या कितीही धडधाकट असोत.