नौकेच्या पंख्याचे स्वयंचलित आरेखन व यंत्रण

मापांचे परस्परसंबंध संगणकाला एकदाच नियमरूपाने सांगून, त्यांवरून पंख्याची (प्रोपेलरची) त्रिमितीय आकृती आणि सीएनसी (संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणाऱ्या) यंत्राचा प्रोग्राम दर वेळी आपोआप तयार करून घेण्याची पद्धत. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा कोकणातल्या बंदरांत ट्रॉलरच्या भागांपैकी घडवायला सर्वांत अवघड तो पंखाच. खडकाला लागून किंवा जाळे गुंडाळून त्याचे पाते वाकते.

एका फेऱ्यात पंखा घन पदार्थातून स्क्रूसारखा जेवढा पुढे सरकेल, ते अंतर म्हणजे पिच. पिच 600 मिमी. असेल, तर मध्यापासून 100 मिमी.वर पाते सुमारे 44 अंशांनी कललेले असते, 300 मिमी.वर जेमतेम 18 अंशांनी. शिवाय जाडी आणि रुंदीही बदलत जाते. त्यामुळे साध्या ड्रॉइंगवरून असे पाते उभे करणे फार किचकट. नियमबद्ध आकृतीत मात्र व्यास, पिच, पात्यांची संख्या आणि शाफ्टचा (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा) टेपर, म्हणजे निमुळतेपणा, भरला की पाते तयार होते. पिच बदलली की सगळा पीळ नव्याने बसतो. पात्याच्या छेदांच्या आकारांसाठी नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे चाचण्यांतून सिद्ध झालेली बी-मालिका (पंख्यांच्या नमुन्यांचा संच) सर्रास वापरतात.

आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राचा उगमही पात्यांतच आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांवर काम करत असताना ही कल्पना पुढे आली आणि एमआयटीने (मॅसॅच्युसेट्समधील तंत्रज्ञान संस्थेने) 1952 मध्ये असे मिलिंग यंत्र चालवून दाखवले.

ब्राँझचे ओतीव काम थोडे जाड ठेवून गोल टोकाच्या टूलने कापतात. टूलची त्रिज्या 10 मिमी. आणि टूलच्या दोन लगतच्या वाटांमधले अंतर 1 मिमी. असेल, तर मध्ये सुमारे 0.0125 मिमी. उंचीची कड उरते. अंतर 4 मिमी. केले की कड 0.2 मिमी. होते, म्हणजे सोळापट. घाईत वाचवलेला वेळ मग ग्राइंडरवर जातो. पाती एकमेकांवर येतात तिथे टूल तिरपे आत न्यावे लागते. त्यासाठी पाच अक्षांचे (सरळ सरकण्याबरोबर तिरपेही वळू शकणारे) यंत्र लागते. शेजारच्या पात्याला धक्का लागतो का, हे आधी पडद्यावर तपासतात.

पावसाळी मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर असतात, तेव्हा जुन्या पंख्याचे माप घेणे सोयीचे पडते. स्कॅनर वाकलेले पातेही इमानेइतबारे टिपतो, म्हणून कोणते पाते वाकले आहे, हे आधी तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) विचारावे. तीन पात्यांच्या पंख्यात एक पाते शाबूत असले तरी पुरते. तेच 120 अंशांनी दोनदा फिरवून उरलेली दोन मिळतात.